निवाऱ्याला दया पुरे झाली, आता कायदा हवा!

चहाची टपरी टाकायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. औषधाचे दुकान काढायचे तर फार्मासिस्ट लागतो आणि परवानाही लागतो. रिक्षा चालवायची तर बिल्ला लागतो. परंतु वीस-पंचवीस असहाय म्हाताऱ्या माणसांना एका बंगल्यात ठेवून, त्यांच्या मुलांकडून दरमहा पैसे घेऊन 'वृद्धाश्रम' चालवायचा असेल, तर आधी परवाना घेतलाच पाहिजे असे सांगणारे एकही कलम २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रीय कायद्यात नाही. म्हणजे भज्यांच्या तेलाची काळजी या देशाच्या कायद्याने केली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडणाऱ्या जखमेची काळजी मात्र त्याने चालकाच्या मर्जीवर सोडली आहे.

हा विषय आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. वृद्धाश्रम हे पांढरपेशांचे दुखणे, आपल्या वस्तीत म्हातारी माणसे घरातच असतात, असे आपल्यापैकी अनेकजण अभिमानाने सांगतात. हा अभिमान आता तपासून पाहिला पाहिजे. शिष्यवृत्तीवर शिकलेली आपली मुले आज पुण्यात, बंगळुरूला, परदेशात नोकरी करतात. त्यांचे आईवडील मागे राहतात. जे शहरातच राहिले त्यांच्या नशिबी पुनर्वसनाची एक खोली आली. त्या खोलीत पक्षाघात झालेला सासरा, शाळेत जाणारी दोन मुले आणि दिवसभर बाहेर राबणारी सून. त्या सुनेच्या अंगावर सगळी सेवा टाकायची आणि 'आमच्यात वृद्धाश्रम नसतो' म्हणून छाती फुगवायची, हा स्त्रीवर केलेला अन्याय आहे. २०११ च्या जनगणनेत या देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख होती. आयुर्मान वाढते आहे, घरे लहान होत आहेत. आपल्या समाजालाही निवारागृहांची गरज लागणार आहे. किंबहुना लागलेली आहे.

दुसरे असे की, या घरांत आपली माणसे आधीपासूनच आहेत. खाटेवर थोडी असतील, पण खाटेखालचे भांडे उचलणारी बहुतेक आपलीच आहेत. मावशी, आया, वॉर्डबॉय, सफाईवाली या नावांनी जी माणसे रात्रंदिवस तिथे राबतात त्यांची आडनावे एकदा विचारून पाहा. घाण काढण्याचे काम जातीने वाटून दिलेल्या या समाजात म्हाताऱ्यांची शुश्रूषाही जातीनेच वाटली गेली आहे. बारा-बारा तासांची पाळी, हातात पडणारा तुटपुंजा पगार, सुट्टी नाही, हातमोजे नाहीत. तेव्हा वृद्धाश्रमांना कायद्याखाली आणण्याचा प्रश्न खाटेवरच्या माणसाचा आहे, तसाच तो झाडू हातात घेतलेल्या माणसाचाही आहे. म्हणूनच तो चळवळीचा प्रश्न आहे.

आता कायद्यात काय आहे आणि काय नाही ते पाहू. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' हा संसदेने केलेला कायदा. मुलांनी आईवडिलांना पोटगी द्यावी यासाठी त्यात न्यायाधिकरण आहे. पोटगीची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि कलम १९ वृद्धाश्रमांविषयी आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांना ठेवता येईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन 'करू शकेल', असे ते कलम म्हणते. त्या वृद्धाश्रमांत कोणत्या दर्जाच्या सोयी असाव्यात याची योजनाही सरकार 'करू शकेल'.

वकिलाची नजर प्रथम या क्रियापदावर जाते. कायद्यात 'करील' म्हटले की सरकारच्या गळ्यात जबाबदारी पडते. 'करू शकेल' म्हटले की सरकार मोकळे. गोरगरिबांच्या बाबतीत कायदा लिहिताना नेमके हे 'करू शकेल' कसे काय सुचते, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. कर वसूल करण्याच्या कायद्यात असले क्रियापद कधी दिसत नाही.

दुसरी गोम याहून मोठी आहे. कलम १९ सरकारने काढलेल्या, निर्धनांसाठीच्या वृद्धाश्रमांबद्दल बोलते. गल्लोगल्ली, महामार्गालगत, शेतातल्या फार्महाऊसवर जी खासगी घरे निघाली आहेत त्यांच्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. केंद्राच्या नमुना नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्याने जिल्ह्यातील वृद्धाश्रमांवर देखरेख ठेवावी, असे म्हटले आहे खरे. परंतु नियम हे मूळ कायद्याच्या पोटातून जन्माला येतात. मूळ कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही, विनापरवाना घर चालवल्याबद्दल शिक्षा नाही. मग नियमाने कितीही देखरेख करायला सांगितली तरी देखरेख करणाऱ्याच्या हातात कुलूप कुठे आहे?

याचा अर्थ प्रौढांच्या निवासी सेवेला कायदाच नाही असा नाही. कायदे आहेत, पण ते दारावरची पाटी पाहून लागू होतात. पाटी मानसिक पुनर्वसन केंद्राची असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होतो. पाटी दिव्यांगांच्या संस्थेची असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५० लागू होते आणि नोंदणी प्रमाणपत्राशिवाय संस्था चालवता येत नाही. पाटी नर्सिंग होमची असेल तर १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा येतो. आणि पाटीवर 'वृद्धाश्रम', 'सेवाधाम', 'आनंदाश्रम' असे काही लिहिले की हे तिन्ही कायदे बाहेर चपला काढून उभे राहतात. आत मात्र तीच सत्तर वर्षांची बाई असते. एक बाजू लुळी पडलेली, नाव विसरलेली, रात्री उठून दाराकडे जाते म्हणून खाटेला बांधलेली.

पाटी बदलून कायदा चुकवण्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी झोपडीवजा आश्रमाला आग लागली. मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे मरण पावली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्यांना पाहणी करण्याचे आदेश दिले. तेव्हाही १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा परवाना मागत होता. परंतु ते 'रुग्णालय' नव्हते, ते 'आश्रयस्थान' होते! आज २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. अठ्ठावीस प्रेते पडल्यानंतर आणि त्यावर सोळा वर्षे गेल्यानंतर ही ओळ कायद्यात आली.

सामान्य माणसाला या गोंधळाचा अनुभव कसा येतो ते सांगतो. २०१८ साली आमच्याकडे एक प्रकरण आले. महापालिकेतून निवृत्त झालेल्या एका सफाई कामगाराने आपल्या आजारी पत्नीला शहराबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात ठेवले होते. अनामत रक्कम घेतली, पावती दिली नाही. बाई पडली, कंबरेचे हाड मोडले, ते घरच्यांना चार दिवसांनी कळले. पाठीला जखमा झाल्या. पुढे ती वारली. पोलीस म्हणाले, समाजकल्याणकडे जा. समाजकल्याण म्हणाले, हा आश्रम आमच्या अनुदानावर नाही, धर्मादायकडे जा. धर्मादाय कार्यालय म्हणाले, आम्ही विश्वस्त संस्थेचा हिशेब पाहतो, रुग्णाची सेवा पाहत नाही. महापालिकेचे आरोग्य खाते म्हणाले, ते नर्सिंग होम नाही. त्या म्हाताऱ्याच्या चपला झिजल्या, आणि त्यातला कोणताही कारकून कायद्याने चुकीचे बोलत नव्हता! शेवटी ग्राहक मंचात तक्रार करावी लागली. ग्राहक मंच पैसे देऊ शकतो. तो अचानक जाऊन दार ठोठावू शकत नाही. माणूस मेल्यावर भरपाई मागण्याचा रस्ता आपल्याकडे आहे. माणूस जिवंत असताना खोलीचे दार उघडून पाहण्याचा रस्ता नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांच्यासाठी 'सीनियर लिव्हिंग', 'असिस्टेड लिव्हिंग' या नावाने संकुले उभी राहात आहेत. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राच्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदेश काढला. दरवाजे किती रुंद असावेत, लिफ्टमध्ये व्हीलचेअर जावी, स्नानगृहात धरायला दांडे असावेत, फरशी घसरडी नसावी, हे सगळे त्यात आहे. उत्तम आहे. आमची त्याला हरकत नाही. परंतु सदनिका विकत घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या दाराची रुंदी इंचाइंचाने ठरते आणि गादी भाड्याने घेणाऱ्या म्हाताऱ्याला दार आहे की नाही हेही कोणी विचारत नाही, ही कोणत्या समतेची तऱ्हा? जिथे मालमत्ता आहे तिथे नियम, जिथे फक्त माणूस आहे तिथे दया! ही जुनीच व्यवस्था आहे, तिने फक्त नवे कपडे घातले आहेत.

आणि ज्याच्याजवळ गादीपुरतेही पैसे नाहीत त्याचे काय? श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले. त्या पैशात कोणताही खासगी वृद्धाश्रम दारातही उभे करणार नाही. रस्त्यावर सापडलेल्या अशा माणसासाठी १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. तो माणसाला पकडतो, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करतो आणि भिक्षेकरी गृहात डांबतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्याच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील भिक्षेकरी गृहात २००० साली झालेल्या मृत्यूंच्या प्रकरणात, अशी गृहे ही सरकारची मेहेरबानी नसून राज्यघटनेने टाकलेली जबाबदारी आहे अशी भूमिका घेतली. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. कारण त्याचे तत्त्व भिक्षेकरी गृहाच्या भिंतीपाशी थांबत नाही. जो माणूस स्वतःच्या पायाने बाहेर जाऊ शकत नाही, तो ज्या घरात आहे त्या घराच्या दारावर संविधानाचा पहारा असलाच पाहिजे.

सरकारला हे माहीत नाही असे समजू नका. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार प्रकरणात, ज्येष्ठांचा सन्मानाने जगण्याचा, आरोग्याचा आणि निवाऱ्याचा हक्क कलम २१ मध्ये येतो असे सांगितले आणि प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचे निर्देश केंद्राला दिले. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने २००७ च्या कायद्याला दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले. त्यात खासगी वृद्धनिवासांची नोंदणी होती, किमान दर्जा होता, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांनाही नोंदणी होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यानंतर २०२४ मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले, म्हणजे सरकारी भाषेत मेले. साडेचार वर्षांत सरकारने दुसरे कितीतरी कायदे एका दिवसात, चर्चेशिवाय मंजूर करून घेतले. म्हाताऱ्यांच्या विधेयकाला मात्र वेळ मिळाला नाही. ज्यांचा मोर्चा निघू शकत नाही त्यांच्या कायद्याचे असेच होते.

आता जातीचा मुद्दा. अनेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश अर्जात जातीचा रकाना असतो. जिथे नसतो तिथे आडनाव असते, गाव असते, आणि 'जेवण शुद्ध शाकाहारी आहे, चालेल ना?' हा प्रश्न असतो. जागा भरली, असे फोनवर सांगितले जाते. कोणी तोंडावर नकार देत नाही, त्यामुळे पुरावा राहत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ आणि ५ मध्ये धर्मादाय कामासाठीच्या जागा, रुग्णालये, वसतिगृहे येथे अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. परंतु नाकारलेल्यांची नोंदवहीच नसेल तर गुन्हा सिद्ध कसा करायचा? नोंदणीकृत संस्थेला प्रवेशाचे रजिस्टर ठेवावे लागेल, प्रतीक्षा यादी लावावी लागेल, नकाराचे कारण लेखी द्यावे लागेल. नोंदणी ही आपल्यासाठी कारकुनी बाब नाही, ती भेदभाव पकडण्याचे हत्यार आहे.

काही धम्मबांधव म्हणतील की म्हाताऱ्यांची सेवा हा करुणेचा विषय आहे, त्यात कायद्याचा बडगा कशाला? त्यांनी विनयातील प्रसंग आठवावा. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला भगवंतांना दिसला. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहात नव्हते, कारण त्याचा कोणाला उपयोग नव्हता. भगवंतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः स्वच्छ केले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र बोलावले आणि नियम केला. आचार्याने शिष्याची, शिष्याने आचार्याची, आणि कोणीच नसेल तर संघाने आजाऱ्याची शुश्रूषा केली पाहिजे. न केल्यास तो दोष. चांगला शुश्रूषा करणारा कसा असावा याची लक्षणेही सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांना कळले होते की करुणा मनात असते, पण आजारी माणसाला ती रोज सकाळी मिळायची असेल तर तिचा नियम व्हावा लागतो.

बाबासाहेबांचा मार्गही हाच. कामगारांच्या कामाचे तास, स्त्रियांची प्रसूती रजा, हे प्रश्न त्यांनी मालकाच्या चांगुलपणावर सोडले नाहीत, कायद्यात बसवले. संविधानाचे कलम ४१ वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत लोकसहाय्याचा अधिकार मिळवून देण्यास राज्याला सांगते. तिथे 'अधिकार' हा शब्द आहे. 'दान' हा शब्द नाही.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले, असेही आम्ही मानत नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक केअर होमला नोंदणी सक्तीची आहे, त्यासाठी स्वतंत्र आयोग आहे, त्याचे तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतात. तरीसुद्धा २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या नोंदणीकृत संस्थेत बौद्धिक दिव्यांग प्रौढांना कर्मचारी मारहाण करीत असल्याचे बीबीसीने गुप्त कॅमेऱ्याने दाखवले. २०१२ मध्ये अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहाजण तुरुंगात गेले. तिथल्या एका परिचारकाने आधीच आयोगाला कळवले होते, आयोगाने लक्ष दिले नव्हते. यातून दोन गोष्टी शिकायच्या. प्रमाणपत्र भिंतीवर लटकवून छळ थांबत नाही. आणि आतला कर्मचारी हाच पहिला साक्षीदार असतो, त्याचे ऐकणारी आणि त्याची नोकरी वाचवणारी व्यवस्था हवी. आपल्याकडे ती साक्षीदार म्हणजे आपलीच मावशी आहे. ती आज बोलली तर उद्या कामावरून निघते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात, कडक कायदा आला तर मोठ्या कंपन्या टिकतील, कारण त्यांच्याजवळ वास्तुविशारद आहे, वकील आहे. बंद पडतील ती लहान घरे. एखाद्या निवृत्त शिक्षकाने पेन्शनच्या पैशातून दहा निराधारांना सांभाळले आहे, एखाद्या विहाराच्या मागच्या खोल्यांत सहा म्हाताऱ्या बाया राहतात, त्यांना तुम्ही लिफ्टचा नियम लावणार काय? हा प्रश्न खरा आहे. परवाना राज हे लाचेचे कुरण होते, हेही आपण पाहिले आहे. तरीही यावर उत्तर कायदा नको हे नव्हे. दहा माणसांच्या घराला आणि दोनशे खाटांच्या संकुलाला एकच यादी लावू नये. इमारतीचे नियम श्रेणीनुसार असावेत, लहान घराला मुदत द्यावी, दुरुस्तीला सरकारने अनुदान द्यावे. परंतु काही गोष्टींना श्रेणी नसते. माणसाला बांधायचे नाही. मारायचे नाही. उपाशी ठेवायचे नाही. त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर घ्यायचा नाही. त्याचे पेन्शनचे पासबुक चालकाच्या कपाटात ठेवायचे नाही. त्याला भेटायला आलेल्याला दारातून परत पाठवायचे नाही. हे पाळायला पैसा लागत नाही. जे घर एवढेही पाळू शकत नाही ते चांगल्या हेतूने निघालेले असले तरी बंद झाले पाहिजे, मग ते कोणाचेही असो, आपल्या माणसाचेही असो. आणि बंद करण्यापूर्वी आतल्या प्रत्येक माणसाची दुसरी सोय करणे ही जिल्हाधिकाऱ्याची जबाबदारी असली पाहिजे. नाहीतर कायद्याच्या नावाने म्हातारी माणसे पुन्हा रस्त्यावर येतील.

तेव्हा चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, व्यपगत झालेले विधेयक केंद्राने पुन्हा मांडावे आणि कलम १९ मधील 'करू शकेल' काढून तिथे 'करील' घालावे. दोन, पाटी काहीही असो, नातेवाईक नसलेल्या प्रौढ माणसांना पैसे घेऊन वा न घेता राहायला ठेवून त्यांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक घराला नोंदणी सक्तीची करावी. तीन, तपासणी न सांगता व्हावी, अहवाल घराच्या दारावर मराठीत लावावा, आणि तपासणी समितीत महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत. चार, सरकारी गृहांना सूट नको. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५४ ने सरकारी संस्थांना नोंदणीच्या प्रकरणातून वगळले आहे. दुसऱ्याला परवाना विचारणाऱ्याने स्वतः विनापरवाना राहावे हा कुठला न्याय? पाच, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात, तशीच तरतूद सरकारी जमीन किंवा करसवलत घेणाऱ्या वृद्धनिवासांना लावावी. सहा, तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला नेमणूकपत्र, किमान वेतन, प्रशिक्षण आणि तक्रार केल्याबद्दल संरक्षण मिळावे.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. आहेत त्या कायद्यांनाही दात आहेत, ते वापरले पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची व्याख्या पाटीला भुलत नाही. कोणत्याही नावाने चालणारी, मानसिक आजाराच्या माणसांना ठेवून घेणारी संस्था त्यात येते, आणि स्मृती वा भान यांत गंभीर बिघाड झालेला माणूसही त्या व्याख्येत बसतो. म्हणजे विस्मरणाच्या आजाराचे रुग्ण ठेवणारा 'आनंदाश्रम' या कायद्याखाली आणता येतो. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंड आहे. १९४९ च्या कायद्यात आजारी माणसाबरोबर दुर्बल, अपंग झालेल्या माणसाची शुश्रूषा आणि उपचार करणारी जागाही येते. अंथरुणाला खिळलेले वीसजण ठेवून, परिचारिका नेमून 'आम्ही नर्सिंग होम नाही' म्हणणाऱ्याला या व्याख्येसमोर उभे करता येते.

प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी, वकिलांनी, महिला मंडळांनी आपल्या हद्दीतील अशा घरांची यादी करावी. माहितीच्या अधिकारात सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे तीन प्रश्न विचारावेत : जिल्ह्यात कलम १९ खालचा दीडशे खाटांचा वृद्धाश्रम कुठे आहे, अनुदानित वृद्धाश्रमांची शेवटची तपासणी कधी झाली, आणि त्यांत अनुसूचित जातीचे किती लाभार्थी आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि दिव्यांगाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्या घरांतल्या माणसांना जाऊन सांगावे. दर पौर्णिमेला विहारात जमणाऱ्यांपैकी चारजणांनी जवळच्या वृद्धाश्रमात एक चक्कर टाकावी. फळे वाटून फोटो काढायला नको. आत जाऊन बसावे, बोलावे, पाठ पाहावी, पाय पाहावेत, जेवणाचे ताट पाहावे, आणि भांडी घासणाऱ्या मावशीलाही विचारावे, बाई, तुम्हाला पगार किती मिळतो?

ज्या पिढीने धर्मांतराचा सोहळा पाहिला, मोर्चांत लाठ्या खाल्ल्या, नामांतरासाठी तुरुंग भोगला, ती पिढी आता म्हातारी झाली आहे. तिच्यातले कितीतरी आज कुणाच्या तरी खोलीच्या कोपऱ्यात खाटेवर पडून आहेत. त्यांनी आयुष्यभर कोणाची भीक मागितली नाही, हक्क मागितला. त्यांच्या अखेरच्या दिवसांसाठी आपण दया मागितली तर तो त्यांच्या लढ्याचा अपमान होईल. त्यांच्यासाठी कायदाच मागितला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत स्वस्थ बसता कामा नये.

जयभीम.